येसूबाईची जीभ

खारदेवळी गावात कुणी कुणाचं ऐकत नाही. सरपंच दिनानाथ म्हात्रे यांचं तर त्यांच्या घरातही कुणी ऐकत नाही, असं त्यांची बायकोच सांगते. पण रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास गोड्या विहिरीच्या काठावर येसूबाई घरत तोंडात घोटभर पाणी घेऊन डोळे मिटून उभी राहिली, की आदल्या दिवशीचं भांडण पुढे चालवायला आलेल्या बायासुद्धा गप्प व्हायच्या. येसूबाई ते पाणी जिभेच्या शेंड्यावर घ्यायची, दोन्ही कडांना फिरवायची, मनात सात आकडे मोजायची आणि तगरीच्या मुळाशी टाकून द्यायची. मग म्हणायची, "गोड हाय." तेवढं झालं की कळश्या विहिरीत उतरायच्या आणि शेतांच्या पलीकडच्या गोल्फच्या मैदानाचे पंप सुरू व्हायचे.

गोल्फचा आणि येसूबाईच्या जिभेचा संबंध काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. संबंध आहे, आणि तो स्टॅम्प पेपरवर लिहिलेला होता. 'येसूबाई विठोबा घरत यांनी गोड्या विहिरीचे पाणी जड झाल्याचे सांगितल्यास क्लब चोवीस तासांच्या आत आपले दोन्ही बोअर बंद ठेवील आणि त्यांनीच पाणी गोड झाल्याचे सांगेपर्यंत सुरू करणार नाही.' खाली क्लबच्या मॅनेजरची सही, सरपंचांची सही, आणि येसूबाईचा अंगठा. सही तिला येत होती. पण अंगठ्याला जास्त वजन असतं, असं तिचं ठाम मत होतं.

खारदेवळी हे अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधलं, खाडीला लागून असलेलं गाव. इथली शेती समुद्राकडून उसनी घेतलेली आहे. मातीचा बांध घालून भरतीचं पाणी अडवायचं, आत पावसाच्या पाण्यावर भात पिकवायचं, आणि जास्तीचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायला बांधात एक झडपेचं दार ठेवायचं. त्या दाराला उघाडी म्हणतात. येसूबाईचा नवरा विठोबा आणि त्याच्या आधी सासरा, दोघांनी ही उघाडी सांभाळली. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच पावसाळ्यात तिला बांधावर नेलं, शेतातल्या पाण्यात बोट बुडवायला लावलं आणि म्हणाली, चाख. खेकड्याच्या एका बिळातूनही समुद्र आत येतो. तो डोळ्यांना दिसायच्या आधी जिभेला कळतो.

चार शब्द शिकवले सासूने. गोड, जड, मचूळ, खारं. त्यातला खरा कामाचा शब्द एकच, जड. मचूळ म्हणण्याची वेळ आली म्हणजे भात गेलं, आणि खारं तर कुणीही सांगेल. पण जड पाणी खारट लागत नाही. ते गिळल्यावर घशात क्षणभर थांबतं, एवढंच. त्या वेळी बीळ शोधलं आणि चिखलाने बुजवलं तर पीक वाचतं. येसूबाईला हे पहिल्याच वर्षी जमलं. सासू कौतुक करणाऱ्यातली नव्हती. तिने फक्त दुसऱ्या वर्षापासून बांधावर येणं बंद केलं.

पुढे एका वर्षी उधाणाला बाहेरचा बांध फुटला, शेतं खाऱ्याने गेली, आणि पंधरा वर्षं तिथे कोल्ह्यांशिवाय कुणी फिरकलं नाही. मग मुंबईच्या लोकांनी ती जमीन घेतली, बांध नव्याने बांधला आणि आत नऊ खड्ड्यांचं गोल्फचं मैदान केलं. एवढ्या मोठ्या रानात एवढासा चेंडू मारत माणसं दिवसभर उन्हात चालतात आणि त्याला मजा म्हणतात, यावर गाव महिनाभर हसलं. हसू ओसरलं ते दुसऱ्या उन्हाळ्यात. मैदानाचं गवत कोवळं आणि तहानलेलं होतं. त्याच्यासाठी क्लबने डोंगराच्या पायथ्याशी, गोड्या विहिरीपासून तीनशे पावलांवर, दोन बोअर मारले होते. साऱ्या खारेपट्टीत पिण्याजोगं पाणी असलेली ती एकच विहीर. येसूबाई म्हणाली, पानी जड झालंय. तेव्हाच्या मॅनेजरने यंत्राची नळी पाण्यात बुडवली, आकडा वाचला आणि म्हणाला, सगळं ठीक आहे. पंधरा दिवसांनी विहीर मचूळ झाली. पोरांना हगवण लागली. बायांनी रिकामे हंडे क्लबच्या फाटकासमोर रचले आणि तीन दिवस तिथून उठल्या नाहीत. तेव्हापासून खारदेवळीत यंत्राचं नाव काढलं की लोक हसतात, आणि येसूबाईचा शब्द प्रमाण झाला.

तो मॅनेजर गेला आणि सुजित मोहिते आला. साताऱ्याकडचा, शेतकी शिकलेला, उन्हाने रापलेला. गाव त्याला गवतवाला साहेब म्हणायचं. या माणसाने पहिल्याच आठवड्यात येसूबाईच्या ओटीवर बसून विचारलं, "मावशी, इथं खाऱ्या पाण्यावर काय काय उगवतं, ते मला सांगा." हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तिने तासभर सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. आणि त्यानंतर त्याने जे केलं ते गावाने हळूहळू, नाक मुरडत, पण मान्य केलं. तणनाशकाची फवारणी बंद केली, कारण मैदानातलं पाणी शेवटी गावाच्या जिताडा माशांच्या तळ्यांत उतरतं. तण हाताने काढायला गावातल्या बायका घेतल्या. येसूबाई त्यांतलीच एक. कापलेलं गवत विषारी राहिलं नाही, म्हणून ते गुरांना मिळू लागलं. मैदानातली दोन तळी उपसून खोल केली आणि त्यांत जिताड्याची पिल्लं सोडली, निम्मी मासळी गावाची. विहिरीसाठी तो स्टॅम्प पेपरही सुजितनेच पुढे केला. "आकड्यावर तुमचा विश्वास नाही ना? मग ज्यांच्यावर आहे त्यांचं नाव घाला," असं तो म्हणाला होता.

चार वर्षांत येसूबाईने दोन वेळा 'जड' म्हटलं. दोन्ही वेळा पंप थांबले, मैदान पिवळं पडलं, मुंबईचे मेंबर कुरकुरले, आणि तीन आठवड्यांत विहीर गोड झाली. विधवा बाई, जमीन गेलेली, मुलगा दिपेश उरणला ट्रेलर चालवणारा. गावात तिला मान असण्याचं दुसरं काही कारण नव्हतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं. सकाळी विहिरीवर जाताना ती धुतलेलं लुगडं नेसायची.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात तिला चक्कर आली. रेवदंड्याच्या डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "आजी, मीठ बंद. सुकी मासळी बंद. लोणचं, पापड, सगळं बंद." येसूबाईला वाटलं, बाई गंमत करतेय. सुक्या बोंबलाशिवाय भात कुणी खातं का? पण सून प्राप्ती कडक निघाली. तिने सुकटीचा डबा कपाटावर, तोही भिंतीकडे सरकवून ठेवला, आणि सासूची आमटी वेगळी करायला लागली. पहिला महिना येसूबाईने रुसून काढला. रंगू, तिची शेजारीण आणि लहानपणापासूनची मैत्रीण, हिच्याकडे जाऊन एकदा दोन बोंबील चोरून खाल्ले आणि प्राप्तीने तोंडाच्या वासावरून पकडलं. त्यानंतर मात्र तिने नाद सोडला. दुसऱ्या महिन्यात अळणी जेवण चालायला लागलं. तिसऱ्या महिन्यात ते चक्क आवडायला लागलं. दुधाला गोडी असते, भाताला गोडी असते, हे तिला साठाव्या वर्षी कळत होतं.

त्याच सुमारास, फाल्गुनात, सुजितने आपला मोठा डाव मांडला. खाऱ्या पाण्यावर जगणारं एक गवत असतं. ते मैदानावर रुजलं की गोड्या पाण्याची गरज संपली. उघाडीतून भरतीचं पाणी आत घ्यायचं, गवताला द्यायचं, उरलेलं ओहोटीबरोबर बाहेर. मैदान विहिरीच्या कितीतरी खाली, त्यामुळे ते खारं वर चढायची भीती नाही. मग दोन्ही बोअर कायमचे बुजवायचे. एकच अडचण होती. गवताचे ठोंब लावल्यावर पहिले सहा आठवडे त्यांना गोडंच पाणी लागतं. लहान मुलाला दूध लागतं तसं. एकदा मूळ धरलं की खाऱ्याचं भय नाही. मालकांनी सुजितला एका वर्षाची मुदत आणि तीन पट्टे दिले होते. जमलं तर पुढे सगळं मैदान. नाही जमलं तर जुनंच गवत ठेवायचं आणि आणखी खोल बोअर मारायचे, तेही गावाच्या हद्दीबाहेर, जिथे स्टॅम्प पेपर चालत नाही. हे सुजितने गावापासून लपवलं नव्हतं. प्राप्तीला त्याने दिवाळीतच क्लबच्या रोपवाटिकेत नोकरी दिली होती, आणि ते ठोंब तिनेच वाढवले होते.

लावणी होऊन बारा दिवस झाले असतील. सकाळी येसूबाईने पाणी तोंडात घेतलं, सात मोजले, आणि डोळे उघडले नाहीत. पुन्हा सात मोजले. पाणी घशात थांबत होतं.

"जड हाय," ती म्हणाली.

काठावर कुजबुज झाली. सुजित धावत आला. त्याने यंत्र आणलं होतं, पण ते खिशातून बाहेर काढायची त्याची हिंमत होईना. "मावशी, आकडा गेल्या महिन्याइतकाच आहे. शपथ घेऊन सांगतो. उद्या पुन्हा बघाल का?"

"उद्या बगीन. पन आज जड हाय."

दुसऱ्या दिवशीही जड होतं, तिसऱ्या दिवशीही. करार म्हणजे करार. सुजितने पहिल्याच दिवशी पंप बंद केले होते, आता टँकर मागवले. टँकरने काय होतंय? चौथ्या दिवशी कडेचे ठोंब करपायला लागले. प्राप्ती घरी यायची ती न बोलता जेवायची. सासूला एका शब्दानेही ती काही म्हणाली नाही, आणि तेच येसूबाईला जास्त लागलं. गावात मात्र तिचं नाव मोठं झालं. सून क्लबात असूनही बाईने शब्द फिरवला नाही, असं लोक बोलत होते. सरपंच दिनानाथ तिला रस्त्यात थांबवून नमस्कार करून गेले.

सातव्या दिवशी हिरामण पाटलाच्या मुलीची हळद होती. पंगतीत येसूबाईने वालाच्या भाजीचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "इतकं खारं कुनी केलं ग?" तिने रंगूला विचारलं.

रंगूने आपल्या पानातलं चाखलं. "खारं? अगं, मीठ नावालाच घातलंय. मी मगाशी वरून घेतलं."

समोरच्या बाईनेही मीठ मागून घेतलं. येसूबाईचा हात पानावर थांबला. तिने पुन्हा एक वाल जिभेवर ठेवला. खारा होता. सगळी पंगत अळणी म्हणत होती आणि तिला तो खारा लागत होता. तिने पान तसंच सोडलं. रंगूने हाक मारली, ती तिला ऐकू गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर न जाता तांब्या घेऊन डोंगर चढली. वर निम्म्यावर कातळातून एक झरा येतो, उन्हाळ्यात करंगळीएवढा. तिथे समुद्र कधी पोचला नाही, पोचणारही नाही. तिने ओंजळ लावली, तोंडात पाणी घेतलं आणि सात मोजले.

जड होतं.

ती तिथेच कातळावर बसली. खाली सगळं दिसत होतं. खाडी, बांध, उघाडीचं लाकूड, हिरवं मैदान आणि त्यातले तीन पिवळे पडत चाललेले पट्टे. पाण्यात काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते तिच्या तोंडात. साठ वर्षं मीठ खाल्लेली जीभ होती ती, आणि त्या मिठाच्या पलीकडचं तिला कळायचं. तीन महिने मीठ तोडल्यावर आता तिला कुठल्याही पाण्यातलं मीठ लागत होतं, जे प्रत्येक पाण्यात असतंच. डॉक्टरीणबाईंचा राग आला, प्राप्तीचा आला, मग कुणाचाच येईना. गप्प राहिलं तर काय होईल, याचा तिने नीट विचार केला, कारण ती काही साधुसंत नव्हती. गप्प राहिलं तर गवत मरेल, सुजित जाईल, बोअर आणखी खोल होतील आणि विहीर जाईल. पण तोवर दोन-तीन वर्षं जातील, आणि तोवर येसूबाई गावात येसूबाई राहील. बोललं तर विहीर वाचेल. पण सून क्लबात नोकरीला, आणि सासूने ऐन वेळी शब्द फिरवला, याचा अर्थ गाव काय लावेल हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. तिने तांब्या उचलला आणि ती खाली उतरली.

घरी तिने प्राप्तीला सांगितलं. प्राप्तीने आधी कपाळाला हात लावला. मग तिच्या तोंडातून जे निघालं ते वेगळंच होतं. "आई, तुम्ही बोलू नका. मी नोकरी सोडते. मग बोला. म्हणजे कोणी विकली गेली असं म्हणणार नाही."

"तू सोडलीस तर बोलतील, सुनेला काडली म्हनून सासू चिडली. लोकांच्या तोंडाला कुटं कुटं बूच लावशील? तू तुजी नोकरी कर." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मना एक चिमूट मीठ दे. खायाला नको. पुडीत बांदून दे."

रविवारी सकाळी विहिरीवर सगळं गाव जमलं होतं. येसूबाईने निरोपच तसा धाडला होता. सुजित लांब, आंब्याखाली उभा होता. तिने त्याला जवळ येऊ दिलं नाही.

"मी जड बोलले ते चुकलं," ती म्हणाली. मग मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाली. "विहीर गोड हाय. माजी जीब फिरली हाय."

मग मागून कुणीतरी हसलं. दिनानाथ पुढे आले. "येसूबाय, आठ दिवस जड, आनि आज एकदम गोड? काल सायेब घरी आलता वाटतं?"

"सायेब आला नाय. मी डोंगरावर गेलते. झऱ्याचं पानी पन मना जड लागतंय."

"तसं कुनीबी सांगेल. सून तिकडं कामाला, तिनं शिकवलं असंल."

येसूबाईच्या तोंडावर रक्त चढलं. पण ती याच्या तयारीने आली होती. झऱ्याच्या पाण्याची घागर तिने सोबत आणली होती. पाच तांबे मांडले, ते त्याच पाण्याने भरले, आणि मिठाची पुडी रंगूच्या हातात दिली. "रंगू, मी पाठ करून हुबी र्‍हाते. यातल्या एकात चार दाने टाक. चारच. जास्त नको. कुटल्यात ते कुनाला सांगू नको."

रंगूने टाकले, ढवळले, तांब्यांची जागा बदलली. आधी गावातल्या आठ-दहा बायांनी चाखलं. सगळ्यांना पाचही तांबे सारखे लागले. दिनानाथांनी स्वतः चाखलं, खाकरून पुन्हा चाखलं आणि म्हणाले, "याच्यात काय नाय. सगलं एकच."

मग येसूबाई वळली. पहिला तांब्या. सात मोजले. दुसरा. तिसऱ्यावर थांबली, चूळ टाकली आणि त्यावर बोट ठेवलं. रंगूने मान हलवली, व्हय. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा रंगूने लबाडी करून कशातच मीठ टाकलं नाही. येसूबाईने पाचही चाखले आणि म्हणाली, "रंगू, चेष्टा नको करू. यात मीठ नाय. पन पाची जड हायेत मना."

आता कुणी हसलं नाही. दिनानाथ तोंड पुसत म्हणाले, "मग बरंच झालं की. आदीपेक्षा तेज झाली जीब. आमाला आनिक लवकर कलेल. आसूं दे हीच."

गाव मान डोलवायला लागलं. येसूबाईला क्षणभर मोह झाला. इतका सोपा रस्ता समोर आला होता. मान राहणार होता, वाढणार होता. तिने तगरीकडे पाहिलं. रोज चूळ टाकून टाकून तिथली माती काळी झाली होती.

"नाय," ती म्हणाली. "सगल्या पान्यात मीठ असतंय, दिनानाथभाऊ. हाय का नाय, ते सांगायचं माजं काम नव्हतं. आपल्याला सोसंल का नाय, ते सांगायचं व्हतं. ज्या जिबेला डोंगरावरचं पानी सोसत नाय, तिनं गावाच्या पान्याचा न्याय कसा करावा? माज्यामुळं तिकडं ठोंब मेलेत. ते जगले असते तर बोअर बुजनार व्हते. माजं नाव त्या कागदावरून काडा."

आणि मग ती रडली. रागाने, लाजेने, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता. सुजित आंब्याखाली मान खाली घालून उभा होता. रंगूने तिला धरून काठावर बसवलं.

त्याच दिवशी पाच बायांनी विहीर चाखली. रंगू, हिरामणची बायको, आणि आणखी तिघी, सगळ्या खारं, सुकं, लोणचं खाणाऱ्या. पाचही जणींनी वेगवेगळं उभं राहून चाखलं आणि पाचही जणी गोड म्हणाल्या. दुपारी पंप सुरू झाले. तीन पट्ट्यांतला एक पुरता गेला होता. दुसरा निम्मा राहिला. तिसरा जगला, आणि आषाढापर्यंत त्याने असा जोर धरला की सुजितने त्याचेच ठोंब काढून पुढच्या पट्ट्यांना लावले. मालकांनी आणखी एक वर्ष दिलं. यंदा माघात उघाडीतून भरतीचं पाणी पहिल्यांदा मैदानावर सोडलं, तेव्हा झडप उचलायला सुजितने येसूबाईला बोलावलं होतं. विठोबा गेल्यापासून तिने त्या लाकडाला हात लावला नव्हता. एक बोअर बुजला आहे. दुसरा अजून चालू आहे. गावातले काही लोक अजूनही म्हणतात की बाई क्लबला विकली गेली होती. तिच्या देखत म्हणत नाहीत, एवढंच.

स्टॅम्प पेपर नवा झाला. त्यात पाच बायांची नावं आहेत, आणि पाचांपैकी तिघींनी जड म्हटलं तर पंप बंद, असं लिहिलं आहे. यंत्राचा आकडाही शेजारी लिहायचा, ही अट येसूबाईनेच घालायला लावली. दिनानाथांना ती पटली नव्हती.

ती अजूनही रोज सकाळी साडेसहाला विहिरीवर येते, धुतलेलं लुगडं नेसून. मागे, कळश्यांच्या रांगेत उभी राहते. परवा पहिली पाळी रंगूची होती. रंगूला सात मोजायचा धीर नाही, ती चारातच उरकते. तिने पाणी तोंडात घेतलं, तगरीला दिलं आणि म्हणाली, "गोड हाय." बाकीच्या चौघींनीही चाखून माना डोलावल्या. मग रंगूने काय मनात आलं कुणास ठाऊक, तांब्या भरून मागे येसूबाईसमोर धरला. रांग थांबली.

येसूबाईने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. पहिला घोट घशाशी थांबला, तिला ठाऊक होतं तसा. आता आयुष्यभर प्रत्येक घोट तसाच थांबणार होता. तिने सात मोजले नाहीत. तिने तांब्या वर केला, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली आणि पदराने ओठ पुसले.

"तुमी पाच जनी बोलताव ना," ती म्हणाली, "मंग गोड."